पंचवीस

गावभागातल्या आमच्या पुढच्या खोलीत
भिंतीवर पुराची रेघ अजून आहे.
रंगारी म्हणाला, दोन हात मारले की जाईल.
मी राहू दिली.
रेघ म्हणजे शून्य. खाली उणे, वर अधिक.
ऋण संख्या शिकवायला याहून बरी पट्टी
चौतीस वर्षांत शाळेनं मला दिली नव्हती.

साडेचारला हळदपेठेतून बिरा येतो.
वहीच्या कडा पिवळ्या, अंगठा पिवळा.
अपूर्णांक म्हटलं की त्याच्या पोटात दुखतं,
पण सव्वातीन पोती अधिक पावणेदोन
बापाच्या मागे चालता चालता तोंडी करतो.
म्हणून आता अंश-छेद नंतर,
आधी फळ्यावर मी पोती काढते,
बरी येत नाहीत, उशा वाटतात.
तो हसतो, आणि गणित सुटतं.

मिरजेचा इरशाद, सतारी करणाऱ्यांच्या घरातला.
ब आणि व यांत त्याची तीन वर्षं गेली.
रव्याच्या ताटात बोट फिरवत एकदा स्वतःच म्हणाला,
बाई, तार लावली तर ब, बिनतारेचा व.
मी ते माझ्या वहीत लिहून ठेवलं,
तारखेसकट.

रात्री नऊनंतर मेसची भांडी आवरून शेवंताताई.
सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, दहावीचा.
दर आठवड्याला विचारतात,
पेपरावर वय लिहावं लागतं का हो?

आणि नीलव्वा.
जतकडची. आईबाप विश्रामबागेत बांधकामावर.
प्रगतिपुस्तकात शेरा: गणितात मंद.
मी म्हणाले पंचवीस, तिनं लिहिलं ५२.
अडतीस, तर ८३.
एकसष्ट, तर १६.
काड्या झाल्या, मणी झाले, सुट्टे पैसे झाले.
सहाव्या दिवशी माझा आवाज चढला,
तिनं पाटी पोटाशी धरली.

आठव्या दिवशी चिंचोके मोजत होती एकटीच.
ओठ हलले: इप्पत्तैदु.
काय म्हणालीस?
घाबरली. काही नाही बाई.
अगं सांग. त्यात आधी काय येतं?
वीस.
आणि पाच?
मागनं.

मी खुर्चीत बसले.
तिच्या घरी वीस आधी येतात, मागून पाच.
माझ्या तोंडून पाच आधी, मागून वीस.
ती जसं ऐकू येईल तसं,
त्याच क्रमानं, प्रामाणिकपणे लिहीत होती.

तेव्हा खिडकीजवळचा तिसरा बाक आठवला.
बसवंत म्हेत्रे. तिसरी ब.
तोही जतकडचा. तोही ५२ लिहायचा.
त्याला मी पाच पट्ट्या मारल्या होत्या,
वर वीस ओळी लिहायला लावल्या.
सहामाहीनंतर तो आला नाही.
हजेरीपटावर मी लाल शाईनं त्याचं नाव कापलं,
रेघ सरळ यावी म्हणून पट्टी लावून.
तीच पट्टी.
वर्गात पासष्ट मुलं होती, हे खरं आहे.
खऱ्या उत्तराला सगळे गुण मिळतातच असं नाही.

समोरच्या नलवडेकाकू विचारतात,
निवृत्तीनंतर हा व्याप कशाला? फी तरी घेता का धड?
घेते की. कधी बेदाणे, कधी पावशेर हळद.
बाकीचं सांगत नाही.

हल्ली शेवटची पंधरा मिनिटं नीलव्वाची.
ती खुर्चीत बसते, पाय जमिनीला पोचत नाहीत.
खडू तिच्याकडे. मी चटईवर, पाटी घेऊन.
ती बोट दाखवते, मी वाचते,
आणि जिभेला सवय म्हणून पाच पुढे पळतात:
ऐदिप्पत्तु.
तप्पु, ती म्हणते. चूक.
हातातला खडू उगारत नाही.
पुसते,
आणि माझ्यासाठी पुन्हा लिहिते,
सावकाश,
जरा मोठ्या अक्षरात.